लव्हाळेवाले सर

सर कुणालाही त्याच्या नावानं हाक मारत नसत, गावाच्या नावानं मारत. संस्थेतला चपराशी बाराबंकी. टायपिस्ट बाई उन्नाव. दुसऱ्या मजल्यावर शेवाळावर काम करणारे शास्त्रज्ञ मदुराई. पहिल्या दिवशी मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहून माझं नाव आणि शिक्षण सांगायला लागले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि एवढंच विचारलं, "जिल्हा?" मी सातारा म्हटलं. त्या क्षणापासून मी सातारा झाले. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, चिपळूणच्या. त्यांनाही ते "अगं चिपळूण" अशीच हाक घालत. काकू म्हणायच्या, "लग्नात माझं नाव बदललं ते ताटातल्या तांदळांपुरतं. यांनी मला माहेरचीच ठेवली."

यामागे त्यांचा एक हिशेब होता. वाळवलेली वनस्पती जाड कागदावर चिकटवून जपून ठेवतात, तेव्हा कोपऱ्यात एक चिठ्ठी लावतात. तिच्यावर वनस्पतीचं नाव, सापडल्याचं ठिकाण, तारीख आणि आणणाऱ्याचं नाव असतं. सर म्हणत, नाव चुकलं तर पन्नास वर्षांनी कुणी शहाणा येईल आणि दुरुस्त करील. ठिकाण चुकलं तर मात्र ब्रह्मदेवालाही दुरुस्त करता येणार नाही. म्हणून माणसाचंही आधी ठिकाण विचारायचं.

मी लखनऊला आले ती नवऱ्याच्या बदलीमुळे. तो सैन्यात कॅप्टन. छावणीत घर मिळून चार महिने झाले नाहीत तोच त्याला वर सीमेवर जायचा हुकूम आला. जिथं बायकांना नेता येत नाही अशी ती जागा. मी छावणीतच राहिले. दुपारी त्या रुंद, झाडांनी झाकलेल्या रस्त्यांवर इतकी शांतता असायची की पोस्टमनच्या सायकलचा आवाज दोन वळणं आधी ऐकू यायचा. कराडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले होते, त्याच्या जोरावर एका सरकारी संस्थेत नमुने चिकटवण्याचं तात्पुरतं काम मिळालं. तिथं कुणीतरी सांगितलं, जिन्याखाली एक म्हातारे मराठी साहब बसतात, त्यांना भेटा.

सर तोवर निवृत्त झालेले होते. खोली गेली होती. पण ते रोज सकाळी तेलीबागहून दोन टेंपो बदलून येत आणि जिन्याखालच्या टेबलाशी बसत. कुणी हाकललं नाही आणि कुणी बोलावलंही नाही. त्या वर्षांत सगळ्यांना औषधी वनस्पती हव्या होत्या, सुगंधी तेलं हवी होती. सरांनी अख्खं आयुष्य घातलं होतं लव्हाळ्यांत. चिखलात, खाचरांत, नाल्याच्या कडेला उगवणारी, गवतासारखी दिसणारी, एकासारखं एक दिसणारी ही झाडं. त्यांच्याकडं कुणी बघत नाही. ज्यांचं पोट झाडांवर चालतं ते वनस्पतिशास्त्रज्ञसुद्धा ती बाजूला सारतात, कारण ओळखायला फार वेळ लागतो.

सरांचा पहिला धडा डोळे मिटून असायचा. एक हिरवा दांडा माझ्या बोटांत ठेवून म्हणाले, "फिरव. किती कडा?" मी अंगठ्यानं फिरवला. तीन कडा लागल्या. दुसरा दिला, तो गोल होता, मध्येच पेर लागलं. "हे गवत. गोल, पोकळ आणि पेरांचं. पहिला लव्हाळा. तिधारी, भरीव, बिनपेरांचा." मी ते वहीत लिहायला लागले तर म्हणाले, "लिहू नकोस. उद्या तुला गोल दांड्याचा लव्हाळा दाखवीन, मग खोडत बसशील." दुसऱ्या दिवशी खरंच आणला.

मग पानं. गवताचं पान दांड्याला जिथं गुंडाळतं तिथं ते शर्टासारखं असतं, पुढून उघडं. लव्हाळ्याचं स्वेटरसारखं, डोक्यातून घातलेलं. वरून पाहिलं तर गवताची पानं दोन दिशांना जातात, लव्हाळ्याची तीन. मग तुरे. तुऱ्यातली बारीक कणसं, कणसातले खवले. ते वेणीसारखे दोन ओळींत आहेत की सगळ्या बाजूंनी? आणि सरतेशेवटी दाणा. खवल्याच्या आत एक दाणा असतो, खसखशीएवढा. त्याच्या टोकाला केसाएवढा धागा, आणि धाग्याला दोन किंवा तीन फाटे. दोन फाट्यांचा असेल तर दाणा चपटा, दोन कडांचा. तीन फाट्यांचा असेल तर तिकोनी. दाण्याच्या अंगावर कुठं खळगे, कुठं चटईसारखी वीण, कुठं काहीच नाही. बाकी सगळं फसवतं, सर म्हणत, ऊन जास्त झालं की उंची बदलते, पाणी कमी झालं की रंग बदलतो. पिकलेला दाणा फसवत नाही. पिकलेला दाणा मिळाला नाही तर चिठ्ठीवर सरळ लिहायचं, नाव माहीत नाही. "हे तीन शब्द लिहायला फार शिकावं लागतं."

एकदा छावणीतल्या ऑफिसर्स मेसमध्ये कुटुंबांसाठी दुपारचं जेवण होतं, मी सर आणि काकूंना घेऊन गेले. सर पँट मोज्यांत खोचून आले होते, कारण वाटेत एक नाला लागत होता. जेवण राहिलं बाजूला, ते हिरवळीवर गुडघे टेकून बसले. कर्नलसाहेबांच्या पत्नी जवळ आल्या. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की हे झाडांचे मोठे जाणकार आहेत. त्यांनी कौतुकानं विचारलं, ही हिरवळ लावून तीन वर्षं झाली पण हा मोथा काही जात नाही, काय करावं? सरांनी मान वर न करता सांगितलं, "मैडम, ये आपसे पहले से यहाँ रह रहा है।" आणि खिशातून चाकू काढून मोथ्याची गाठ उकरून त्यांच्या हातात दिली, वास घ्या म्हणाले. त्या बाईंनी घेतला. नंतर मला दोन महिने कुठल्या कार्यक्रमाला बोलावणं आलं नाही.

चौकातल्या अत्तरवाल्यांकडं मात्र त्यांना फार मान. मोथा काय, नागरमोथा काय, दोन्ही लव्हाळेच; नागरमोथ्याच्या मुळांचं तेल अत्तरात पडतं. एका गल्लीत एक वयस्क दुकानदार होते, त्यांच्याकडं सर मला घेऊन गेले. दुकानात मुळांचं नवं पोतं उघडलेलं होतं. सरांनी मूठभर मुळं घेतली, एक नखानं सोललं, हुंगलं, दुसरं हुंगलं, आणि सांगितलं की यातली निम्मी मुळं नागरमोथ्याची नाहीत, त्याच्या चुलतभावाची आहेत. दुकानदारांनी स्वतः हुंगून पाहिलं. मग म्हणाले, "साहब, चालीस साल से इसी नाक की रोटी खा रहे हैं। आज आपने काट ली।" आणि आम्हाला उठू दिलं नाही, शेजारच्या दुकानातून मलाई मागवली.

वासावर त्यांची भिस्त वाढत चालली होती, त्याचं कारण मला उशिरा कळलं. काचबिंदू. एक डोळा केव्हाच गेला होता, हे त्यांनी संस्थेत कुणाला कळू दिलं नव्हतं. दुसऱ्या डोळ्यानं नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं दिसायचं. रोज जिन्याखाली बसत होते, पण सूक्ष्मदर्शकाखालचं काही दिसेनासं होऊन वर्ष झालं होतं. मी आले आणि त्यांना डोळे मिळाले. मी बघायची, ते विचारायचे. किती? कसा? कुठल्या बाजूला? पुन्हा बघ. एकेका दाण्यासाठी दहा-दहा वेळा "पुन्हा बघ." मी चिडायची. एकदा म्हटलंही की सर, मी मघापासून तेच सांगतेय. ते म्हणाले, "मघाशी तू मला बरं वाटावं म्हणून सांगितलंस. आता दिसतंय ते सांग."

त्यांच्या घरापासून वीस मिनिटांवर, रायबरेली रोडपासून आत, एक सखल जागा होती. पावसाळ्यात तिथं तळं व्हायचं आणि दिवाळीनंतर आटत जायचं. म्हशी बसायच्या, धोबी यायचे. पहिल्या वर्षीच्या नोव्हेंबरात तिथं पूर्वेकडच्या कडेला सरांना एक लव्हाळा सापडला. जेमतेम वीतभर उंच. पाहताक्षणी तो नाल्यानाल्यात मिळणाऱ्या एका नेहमीच्या लव्हाळ्यासारखाच होता. पण सरांनी दांडा फिरवला आणि थांबले. एक बाजू किंचित आत दबलेली लागत होती. आम्ही तुरे घरी आणले. माझ्या डोळ्यांनी आम्ही ते तीन दिवस पाहिले. नेहमीच्या लव्हाळ्याला धाग्याचे फाटे दोन, याला तीन. खवल्यांची टोकं वेगळी. सरांनी सगळी जुनी पुस्तकं माझ्याकडून वाचून घेतली, सगळ्या कपाटांतले नमुने काढायला लावले. कशाशीच जुळेना. त्यांच्या तोंडून "नवीन" हा शब्द कधी निघाला नाही. पण त्या आठवड्यात त्यांनी दाढी दोनदा केली, असं काकूंनी मला सांगितलं.

अडचण एकच होती. फुलं कोवळी होती, दाणे भरलेले नव्हते. पंधरा दिवसांनी परत गेलो तर म्हशींनी सगळं चरून साफ केलेलं. दोन गड्डे आणून काकूंच्या अंगणात मातीच्या नांदेत लावले होते, ते थंडीत कुजले. तो सगळा हिवाळा रविवार-रविवार आम्ही रिक्षानं मोहनलालगंजपर्यंतची तळी पालथी घातली. कुठंही तो लव्हाळा मिळाला नाही. संस्थेतल्या एकांनी सुचवलं, फुलांवरूनच छापून टाका, साहब, आपके नाम से हो जाएगा, फल बाद में देखेंगे. सरांनी त्यांना चहा पाजला आणि विषय बदलला.

दुसऱ्या वर्षी पाऊस चांगला झाला. सप्टेंबरअखेर काठावर पुन्हा ती वीतभर झाडं उभी राहिली, मागच्या वर्षीपेक्षा जास्त. पण तोवर तळ्याच्या पलीकडच्या बाजूला चुन्याच्या रेघा पडल्या होत्या. प्लॉट पाडायचे होते. सर काठी टेकत एका दफ्तरात गेले, निदान पूर्वेकडचा कोपरा दोन महिने राहू द्या म्हणून अर्ज द्यायला. तिथल्या बाबूंनी पेन काढून विचारलं, पौधे का नाम? सर म्हणाले, अजून नाव नाही. बाबू म्हणाले, "जिसका नाम ही नहीं है, उसके लिए हम लिखें क्या?" सर घरी आले आणि हे सगळं आम्हाला सांगून म्हणाले, प्रश्न बरोबर होता त्याचा.

दाणे पिकायला नोव्हेंबरचा तिसरा आठवडा लागेल असा त्यांचा अंदाज होता. रोज संध्याकाळी ते काकूंचा हात धरून तळ्यावर जात आणि एक तुरा तळहातावर झटकत. दाणा आपण होऊन गळला तर पिकला. गळत नव्हता. मी म्हटलं, आता थोडे काढून ठेवू या. ते म्हणाले, हिरवा दाणा वाळला की सुरकुततो, आणि सुरकुती म्हणजे त्याची वीण नव्हे. पिकू दे.

नेमकं त्याच आठवड्यात डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. उरलेला डोळा वाचवायचा तर आता थांबता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. शनिवारी ऑपरेशन करून त्यांना त्याच दिवशी घरी सोडलं. आठ दिवस धुळीत जायचं नाही, खाली वाकायचं नाही, डोळ्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. काकूंनी त्यांच्या चपला कपाटात घालून कुलूप लावलं. संध्याकाळी मी भेटायला गेले तेव्हा डोळ्यावर पट्टी होती. म्हणाले, "गुरुवारी दोन दाणे गळले होते हातावर. उद्या रविवार. उद्या जाऊन ये." मी हो म्हटलं.

मी छावणीतल्या घरी पोचले तर दारात एक काळी ट्रंक होती. नवरा आला होता. मागच्या रजेनंतर सात महिन्यांनी. कळवायला वेळ मिळाला नाही, ट्रकमध्ये जागा मिळाली तसा बसलो, म्हणाला. वाळला होता. ओठ फुटलेले होते, कानाच्या पाळ्या काळ्या पडलेल्या. जेवताना ताटातला वरणभात तो इतक्या सावकाश खात होता की मला त्याच्याकडं बघवेना.

रविवारी मी गेले नाही. सोमवारीही नाही, संस्थेत रजेचा निरोप धाडला. मंगळवारी तो दिवसभर झोपला आणि मी त्याच्या उशाशी बसून राहिले. मनात तळं येत होतं, नाही असं नाही. पण दाणे काय, आठवडाभर कुठं जात नाहीत, असं मी स्वतःला सांगत होते. तसं मला सरांनी शिकवलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी गेले. रस्त्यावरूनच दिसलं. मातीचे ढीग होते, विटांचा चुरा होता, एक ट्रक मागे सरकत मागचा फाळका उघडत होता. पूर्वेकडची कड कुठली ते मला ओळखू येईना. धोब्यांचे दगड होते त्यावरून अंदाज घेत मी त्या भरावावर चढले आणि वेड्यासारखी हातानं माती उकरायला लागले. एक मजूर येऊन म्हणाला, "क्या गिर गया, दीदी?" मी काही नाही म्हटलं.

पुढं मी जे केलं ते आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. छावणीत आमच्या घरामागं पावसाच्या पाण्याचा पक्का नाला होता. त्याच्या कडेला तो दुसरा, नेहमीचा लव्हाळा भरपूर वाढलेला असायचा, पाहताक्षणी अगदी तसाच. दाणे पिकून गळायला आलेले होते. मी सात-आठ तुरे काढले. दांडे मुद्दाम तोडून टाकले, कारण त्यांच्या बोटांना दांडा लागला असता तर तिथंच संपलं असतं. कागदाची पुडी केली. चिठ्ठी लिहिली. ठिकाण, तेलीबागचं तळं. तारीख रविवारची. मला वाटत होतं, मी त्यांच्यावर दया करते आहे. आता बघणारे डोळे माझेच आहेत, मी तीन म्हणेन, ते समाधानानं लिहायला सांगतील, आणि ते असेपर्यंत कोण तपासायला येणार आहे?

शुक्रवारी दुपारी तेलीबागला गेले. सर खिडकीजवळ बसले होते. पट्टी काढली होती, हिरवा चष्मा होता. काकूंनी दार उघडलं आणि काही न बोलता आत गेल्या. टेबलावर त्यांचा जुना पितळी सूक्ष्मदर्शक आधीच पुसून ठेवलेला होता.

सरांनी हात पुढे केला. "दांडा?"

"दांडे वाटेत मोडले, सर. तुरे आणलेत."

त्यांनी हात मागे घेतला. चिठ्ठी लिहिलीस का विचारलं. मी हो म्हटलं. वाच म्हणाले. मी वाचली. रविवार. पूर्वेकडची कड, चिखलात. त्यांनी मान हलवली आणि दाणा काढायला सांगितलं.

मी सुईनं खवला बाजूला केला, दाणा काचेवर घेतला आणि डोळा लावला. ते एकेक विचारत गेले. रंग? काळपट तपकिरी. चकाकी? थोडी. अंगावर काय? बारीक खळगे, उभ्या ओळींत. किती ओळी दिसतात? मी मोजल्या आणि सांगितल्या. पुन्हा मोज म्हणाले. पुन्हा मोजल्या. टोक? आखूड. बूड? निमुळतं. असं किती वेळ चाललं कोण जाणे. खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरलं. आत काकूंच्या भांड्यांचा आवाजही नव्हता.

मग त्यांनी विचारलं, "कडा किती?"

उत्तर मी छावणीतूनच घेऊन आले होते. तीन. मी डोळा लावला. दाणा काचेवर आडवा पडला होता, एखाद्या चपट्या नौकेसारखा. मी सुईनं तो उलटवला. मला वाटलं होतं, एक शब्द तर आहे. पण समोर दोन कडा दिसत असताना माझी जीभ तीनकडं वळेना.

"दोन," मी म्हटलं.

"पुन्हा बघ."

"दोनच आहेत, सर. चपटा आहे."

"बरोबर," सर म्हणाले.

मी मान वर केली नाही. रविवारी मी गेले नव्हते, एवढं तरी सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर त्यांनी मध्येच विचारलं, "मिस्टर आलेत ना तुझे? छावणीतल्या दूधवाल्याकडून कळलं चिपळूणला. किती दिवस आहेत?"

"अजून नऊ."

"मग इथं काय करतेस? घरी जा." मग म्हणाले, "चिठ्ठी तेवढी फाड."

मी ती फाडली. तुकडे कुठं टाकावेत ते कळेना, म्हणून मुठीत धरून बाहेर पडले. तळ्याविषयी ना त्यांनी विचारलं, ना मी सांगितलं. नंतरही आम्ही तो विषय कधी काढला नाही.

डोळा वाचला नाही. डिसेंबरात सरांनी संस्थेत येणं बंद केलं. पहिल्या वर्षीचे कोवळ्या फुलांचे ते तुरे मी त्यांच्या सांगण्यावरून कागदावर चिकटवले. त्यांनी चिठ्ठी सांगितली, मी लिहिली. नावाच्या जागी, नाव माहीत नाही. मी धीर करून म्हटलं, सर, फुलांची चित्रं आहेत, मापं आहेत, आपण छापू या, मी सगळं लिहून देते. त्यांनी कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, अर्ध्याच झाडाला पूर्ण नाव देता येत नाही. एप्रिलमध्ये ते गेले. ताप आला आणि चार दिवसांत गेले. ते वारले त्या दिवशी जिन्याखालचं टेबल आमच्या चपराशानं, बाराबंकीनं, स्वतः पुसलं आणि त्यावर कुणाला काही ठेवू दिलं नाही, महिनाभर तरी.

पुढच्या पावसाळ्यानंतर मी एकटीनं शोध घेतला. मोहनलालगंजच्या पुढंपर्यंत गेले, रेल्वेच्या रुळांकडची डबकी पाहिली. शेकडो दांडे फिरवून पाहिले. एका बाजूनं दबलेला तो दांडा बोटांना परत कधी लागला नाही. तेलीबागच्या त्या जागेवर तेव्हा दोन घरांचे पाये भरले होते.

नोव्हेंबरात काकूंचा मुलगा त्यांना नागपूरला न्यायला आला. चांगला मुलगा होता. काकू मराठीत बोलायच्या आणि तो हिंदीत उत्तर द्यायचा, "हाँ आई, हो जाएगा आई." तो ट्रक ठरवायला गेला होता, तेव्हा मी काकूंना सामान बांधायला मदत करत होते. वाळवणाचे कागद, वर्तमानपत्रांचे गठ्ठे. मला राहवलं नाही. मी काकूंना सगळं सांगून टाकलं. नवरा आला ते, मी तळ्यावर गेले नाही ते, नाल्यातला लव्हाळा, खोटी चिठ्ठी.

काकूंनी सुतळीची गाठ मारली आणि म्हणाल्या, "अगं, माहीत आहे. आम्ही मंगळवारीच गेलो होतो तिथं."

त्या सांगत होत्या. सोमवारपर्यंत सरांनी माझी वाट पाहिली. मंगळवारी ऐकेनात. कपाटाचं कुलूप उघडायला लावलं, डोळ्यावर पट्टी तशीच ठेवून रिक्षानं गेले. ट्रक माती टाकत होते. सर विटांच्या ढिगावर बसले आणि मुंशीला बोलावून विचारलं, कब से? तो म्हणाला, कल सुबह से, साहब, परसों तक तो पानी था. बस, एवढंच विचारलं. वाटेत काकूंना म्हणाले, तिला यातलं काही सांगायचं नाही. ती येईल.

"मी म्हटलं, आली की सरळ विचारा तिला. तर म्हणाले, नको. ती बघेल आणि सांगेल. काय सांगते ते मला ऐकायचंय. आणि मग तू आलीस ती पुडी घेऊन. मला तुझ्या तोंडाकडं बघवेना, म्हणून मी आत जाऊन बसले."

बाहेर रस्त्यावर भाजीवाल्याची हाक आली आणि लांब गेली.

"तू गेलीस," काकू म्हणाल्या, "तेव्हा मी बाहेर आले. म्हटलं, आता हे काय बोलतात. तर म्हणाले, 'ऐकलंस? तिनं दोन सांगितलं.' असं दोनदा म्हणाले. आणि मग रडायला लागले गं. तळ्यावर नव्हते रडले, तिथं अगदी कोरडे होते. इथं या खुर्चीवर रडले, लहान मुलासारखे. डॉक्टरांनी सांगितलं होतं डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, म्हणून मी कापूस घेऊन टिपत होते. टिपलं की परत यायचं. शेवटी कापूस संपला, तेव्हा पदर घेतला."

त्यांनी गठ्ठा माझ्याकडं सरकवला. मी दुसरी बाजू धरली आणि आम्ही दोघींनी तो उचलून दाराशी नेला.